लुंबिनीची सून

फूलमाया मलकापूरच्या स्टेशनावर पहिल्यांदा उतरली ती मे महिन्यात, भर दुपारी. गाडीच्या पायरीवरून खाली पाय टाकला आणि चुलीत वाकून बघितल्यासारखी झळ तोंडावर आली. ती तशीच मागं सरकली आणि मागच्या बाईवर आदळली. बाईनं दोन शिव्या हासडल्या. त्या कळल्या नाहीत, हेच त्या दिवसाचं काय ते सुख.

ती नेपाळची. काठमांडूच्या पलीकडं सिंधुपाल्चोक नावाचा डोंगराळ जिल्हा आहे, तिथल्या तामाङ जमातीच्या एका घरातली. बाप लहानपणीच गेलेला. थोरला भाऊ सुरतेत कापडाच्या मार्केटात वॉचमन होता. त्यानं तिला सुरतेला आणलं आणि साड्यांचे धागे कापायच्या कारखान्यात बसवून दिलं. त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर संघपाल एम्ब्रॉयडरीच्या मशीनवर होता. तो संग्रामपूर तालुक्यातल्या टाकळीचा. पीत नव्हता, फार बोलत नव्हता, आणि जिन्यात भेटला की भिंतीला पाठ लावून वाट द्यायचा. ओळख वाढली, भावाची हो-ना करता करता परवानगी मिळाली. गावाबद्दल संघपालनं तिला सांगितलं ते एवढंच, की आमच्या घरून डोंगर दिसतो. फूलमायाला वाटलं, मग झालं की सगळं.

डोंगर दिसत होता, नाही असं नाही. उत्तरेला सातपुडा होता. उन्हाच्या धुरकटात, पाटी पुसल्यावर मागं राहिलेल्या रेघेसारखा. "हाच का?" तिनं हिंदीत विचारलं. "हाच," संघपाल म्हणाला, आणि त्यात विचारण्यासारखं काय आहे हे त्याला कळलं नाही.

दारात सासू उभी होती, तानाबाई. तिनं भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला, पाण्याचा तांब्या पायावर ओतला आणि मग सुनेची हनुवटी धरून तोंड उजेडाकडं वळवलं.

"संघपाल, तिले म्हन, डोळे उघड."

"उघडेच हायेत, माय."

जमलेल्या बाया हसल्या. फूलमायाही हसली, कारण सगळे हसत होते.

सासरा पुंजाजी मात्र हरखून गेला होता. तो गावचा बौद्धाचार्य. लग्न लावणं, कुणी गेल्यावर पुण्यानुमोदनाला वंदना घेणं, पौर्णिमेला विहारात प्रवचन करणं, हे त्याच्याकडं. म्हातारा येईल त्याला सांगत सुटला, "अबे, बुद्धाच्या देशातून सून आली माह्या घरी! लोक लुंबिनी पाहाले जातात, लुंबिनी आमच्याकडं आली."

लग्न विहारात लागलं. सकाळी नणंदेनं, सारिकानं, पांढरी साडी आणून पुढं ठेवली तेव्हा फूलमायानं ती उचललीच नाही. तिच्या मुलखात नवरी लाल नेसते. पांढरं नेसतात ते घरात मरण झाल्यावर. तिनं संघपालला बाजूला घेऊन विचारलं, "कोण मेलं?" त्यानं इकडंतिकडं पाहिलं. "लोकांपुढं असं बोलू नको. आमच्यात हेच शुभ." ती नेसली. लग्नाच्या फोटोत तिचे डोळे सुजलेले दिसतात. पाहणाऱ्यांना वाटतं, ते तसेच आहेत.

आणि त्याच मांडवात पुंजाजीनं जाहीर केलं, की सुनेचं नाव आजपासून महामाया. बुद्धाच्या मायचं नाव. टाळ्या पडल्या. फूलमाया या नावाला काय झालं होतं, हे तिला कुणी विचारू दिलं नाही.

पहिल्याच पौर्णिमेला घरच्यांनी तिला विहारात नेलं. लोक पंचशील म्हणत होते, तिला ते येत नव्हतं. मूर्ती मात्र ओळखीची होती. तिनं जमिनीवर अंग टाकलं, कपाळ टेकवलं, उठली, पुन्हा अंग टाकलं, आणि तिची आमा, म्हणजे आई, तुपाचा दिवा लावताना जो मंत्र म्हणायची तो पुटपुटत राहिली. मागून कुणीतरी फिसकन हसलं. विहार समितीचा सचिव दीपक, जिल्हा परिषदेच्या शाळेवर मास्तर, चांगला माणूस, तो पुढं आला आणि समजुतीनं म्हणाला, "वहिनी, हे मंत्र-बिंत्र आपल्यात नाही चालत. बाबासाहेबांनी आपल्याले यातूनच बाहेर काढलं." तिनं मान हलवली. तिच्या घरात बुद्धाशिवाय दुसरं काही पुजलेलं तिला आठवत नव्हतं. इथं मात्र तिला शून्यापासून बौद्ध व्हायचं होतं.

बाया लुंबिनीचं विचारायच्या. तिथलं झाड केवढं, तलाव कसा, तिथं गेल्यावर कसं वाटतं. "मी पाहिली नाही," ती म्हणायची. "आमच्या गावाहून लई लांब." बायांना ते पटायचं नाही. एकीनं तर तोंडावर म्हटलं, "मंग नेपाळची हायस का दुसरीकडची?"

भाषेनं तिला वेगळाच चकवा दिला. वऱ्हाडीतलं मले-तुले कानावर पडलं तेव्हा तिला उगाच आपलं वाटलं, कारण नेपाळीत 'मैले' आहे, 'तिमीले' आहे. फक्त तिकडं 'मैले' म्हणजे 'मी'. पहिल्या महिन्यात सासूनं विचारलं, "जेवली का व?" तर ही म्हणाली, "मले खाल्लं." तानाबाईनं कपाळावर हात मारला. "अवं माय! कोनं खाल्लं तुले?" ही गोष्ट साऱ्या आळीत फिरली. पुढं पाच-सहा वर्षं, ती दिसली की कुणी ना कुणी विचारायचं, "काय महामाया, कोनं खाल्लं?"

सुरतेचं काम सुटल्यावर संघपाल संग्रामपूरच्या कृषी केंद्रात लागला आणि घरच्या दोन एकराचं आणि रोजानं जायचं काम फूलमायावर आलं. निंदण, सोयाबीन सोंगणं, कापूस वेचणं. बोंडाच्या वाळलेल्या टोकांनी तिची नखं फाटायची. रात्री ती बोटांना खोबरेल लावायची आणि दिवसा सगळ्या बायांच्या पुढं आपली पात, वाट्याची ओळ, काढायची. बाया कौतुकानं म्हणायच्या, "नेपाळीण हात चालवते पन." 'महामाया' हे नाव विहारापुरतं होतं. शेतात, नळावर, दुकानात ती नेपाळीणच.

तानाबाई दुष्ट होती असं म्हणता येणार नाही. बाळंतपणात खामगावच्या दवाखान्यात म्हातारी सुनेच्या खाटेखाली चटई टाकून झोपली. डिंकाचे लाडू केले, अंग शेकलं, पोरगी झाली म्हणून तोंड वाकडं केलं नाही. पण पोरीला कुशीत घेऊन फूलमाया काही गुणगुणायला लागली, की ती आतून ओरडायची, "ते तुह्यावालं नको शिकवू व तिले. लेकरू बावचळते दोन-दोन भाषांनी." पोरीचं नाव समीक्षा. ती पहिला शब्द 'आजी' बोलली. आईच्या भाषेतलं ती काहीच शिकली नाही. फूलमायानं तशी दोन-तीनदा खटपट केली. पण शिकवायला संध्याकाळचं जरा बसावं लागतं, आणि संध्याकाळी चूल असायची.

समीक्षा दोन वर्षांची असेल. एप्रिलचे दिवस, शनिवार. अंगणात बाजेवर कुरड्या घालणं चालू होतं. शेजारची पंचफुला धावत आली. "वहिनी, तुमच्या नेपाळात भूकंप झाला! टीव्हीवर दाखवून राह्यले!"

टीव्हीवर काठमांडू होतं. धुळीचे लोट, विटांचे ढीग, रस्त्यावर बसलेली माणसं. फूलमायाच्या हाताला कुरड्यांचा चीक तसाच वाळला. तिनं भावाला फोन लावला, गावाला लावला, शेजाऱ्यांचा लावला. कुठंच लागला नाही. काही दिवसांनी भावाचाच सुरतेहून आला. आमा मक्याची कणसं काढायला आत गेली होती. दगडाचं घर, वरून खाली बसलं. "मी निघतोय," भाऊ म्हणाला. "गोरखपूरला तुझी वाट पाहतो. येतेस ना?"

तिनं पिशवी भरली. पोरीची दोन झबली, स्वतःच्या दोन साड्या.

"आता जाऊन काय करशील?" संघपाल म्हणाला. "रस्ते बंद हायेत. पोरीले घेऊन कुठं फिरशील?"

"आमा आहे तिथं."

"आता कुठं हाय?"

तो हे वाईट मनानं बोलला नाही, पण बोलला. फूलमायानं सासऱ्याकडं पाहिलं. पुंजाजीनं चष्मा काढून पुसायला घेतला. तेव्हा तानाबाई उठली, समीक्षाला कडेवर घेतलं आणि म्हणाली, "जाय तू. तुले कोनी धरून नाही ठेवलं. पोरगी माह्यापाशी राहीन."

शेजारच्या गावातली परराज्यातून आणलेली एक सून त्याच वर्षी निघून गेली होती. सगळ्या सासवांना ते ठाऊक होतं. फूलमायालाही कळलं, की ही परवानगी नाही. एकदा सीमेपलीकडं गेली, तर परत येईपर्यंत पोरगी आईला ओळखणार नाही, अशी घरात सोय होईल. तिनं पिशवी रिकामी केली. भावानं गोरखपूरहून दोनदा फोन केला. तिसऱ्यांदा नाही केला.

आठवड्याभरातच बुद्धजयंती आली. समितीनं ठरवलं, की यंदा मिरवणूक साधी, आणि नेपाळच्या भूकंपग्रस्तांना कपडे आणि ब्लँकेटं पाठवायची. लोकांनी मनापासून दिलं, ज्यांच्याकडं नव्हतं त्यांनीही दिलं. फूलमायाला पांढरी साडी नेसवून पहिल्या ओळीत बसवलं. भाषणात तीनदा तिचा उल्लेख झाला. मग पेपरवाल्याला फोटो हवा होता. टेम्पोपाशी उभं राहून तिनं एक ब्लँकेट दीपकच्या हातात द्यायचं होतं.

"वहिनी, थोडं इकडं पाहा. रडू नका, म्हणजे, रडलं तरी चालते, पन तोंड वर करा."

तिनं तोंड वर केलं. तिच्या आमाला तेव्हा गावच्या माणसांनी घाईघाईत, लामा मिळाला नाही म्हणून विधीशिवायच, डोंगराच्या कडेला जाळलं होतं. टेम्पो निघाला तेव्हा फूलमायानं फळीला हात लावला आणि ड्रायव्हरला विचारलं, "हा कुठवर जातो?"

"बुलढान्यापर्यंत," तो म्हणाला. "पुढचं मले मालूम नाही."

त्यानंतर तिनं माहेर हा शब्द काढणं सोडलं. वर्षं गेली. कोरोना आला तेव्हा नळावर बाया तिला म्हणाल्या, "तू जरा तिकडं उभी राह्य. आमचं झाल्यावर भर." पोरं गल्लीतून 'चायना, चायना' करत पळायची. तेव्हा समीक्षाही घरात शिरून दार लावून घ्यायची. एक दिवस पुंजाजीनं बाजेवरून हे पाहिलं. म्हातारा काठी टेकत नळापर्यंत गेला आणि थरथरत ओरडला, "अवं, आपल्या माय-बाईले असंच उभं ठेवत होते विहिरीवर! एवढ्यात इसरल्या?" बाया बाजूला सरकल्या. त्या दिवशी फूलमायानं पहिली घागर भरली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. म्हातारा त्याच थंडीत गेला, आणि घरात तिच्या बाजूनं ओरडणारं कुणी उरलं नाही.

पुढं भावाच्या पोरीचं लग्न निघालं तेव्हा संघपाल आपण होऊन म्हणाला, "जाऊन ये." आता ती पळून जाईल अशी भीती कुणालाच वाटत नव्हती. समीक्षा आली नाही. "तिथं मी बोलू कोनासंग?" ती म्हणाली. फूलमाया एकटीच निघाली.

गावी पत्र्याचं नवं घर होतं. जुन्या घराच्या जागी भावानं बकऱ्या बांधल्या होत्या. फूलमाया नेपाळी बोलायला गेली की मधेच वऱ्हाडी 'मंग' आणि 'काऊन' यायचं, आणि भावाची पोरं हसून लोळायची. तिला 'इन्डियन फुपू', म्हणजे इंडियातली आत्या, म्हणायची. चढ चढताना तिला धाप लागली, थंडीनं ओठ फुटले, आणि भाताबरोबरची भाजी मिळमिळीत लागली तेव्हा तिनं भावजयीकडं तिखट मागितलं. भावजय वाढता वाढता म्हणाली, "तुमच्याकडं असंच खातात ना?" तुमच्याकडं! जमिनीवर अंग टाकून आमाच्या नावानं ती रडली ते बकऱ्यांच्या गोठ्याबाहेर. लग्न उरकल्यावर कुणी रहा म्हटलं नाही. ती परत आली.

मागच्या दिवाळीनंतर तानाबाईच्या भाच्यानं, गोकुळनं, ओडिशातून बायको आणली. गोकुळ चाळिशीला टेकलेला. इकडं पोरगी मिळेना, म्हणून कुणा मध्यस्थामार्फत जमवलं होतं. पोरीचं नाव सुकांती, वय असेल वीस-एकवीस. तिला सांगितलं होतं, मुलगा शहरात कंपनीत आहे. ती आल्यापासून जेवत नव्हती. गोकुळची आई रुखमाबाई फूलमायाकडं आली.

"महामाया, तूच समजाव तिले. तू तं परदेशातून आली, अन् कशी रुळली. तुह्यावानी सून गावात नाही." आजवर कुणी तोंडावर असं म्हटलं नव्हतं. काम पडल्यावर म्हटलं.

फूलमाया गेली. समीक्षालाही सुट्टी होती, ती बरोबर आली आणि उंबऱ्यात बसली. आता ती बारा वर्षांची. खोलीत धान्याच्या पोत्यांपाशी पोरगी गुडघ्यात मान घालून बसली होती. रुखमाबाई चहा टाकायला गेली.

"फोन कुठं आहे तुझा?" फूलमायानं हिंदीत विचारलं.

"सासूकडं."

"घरी कोण आहे?"

"भाऊ." मग पोरीनं मान वर केली. "दीदी, इथं मन कधी लागतं?"

काय सांगायचं हे फूलमायाला ठरवून दिलं होतं. जिभेवरही आलं होतं. पोरीनं तिच्याकडं असं पाहिलं, जणू ती सांगेल ती तारीख धरून ही बसणार आहे.

"नाही लागत," फूलमाया म्हणाली. "काम करता येतं. बोलता येतं. मन नाही लागत. जायचं असलं तर आत्ता जा. लेकरू झाल्यावर नाही जाता येत. तेव्हा दार उघडं असतं, पण जाता येत नाही."

तिनं ब्लाउजमधून आपला फोन काढून दिला. पोरीनं नंबर लावला आणि बोलायला लागली. फूलमायाला त्यातला एक शब्द कळला नाही. पण ती चिमणीएवढी पोरगी आपल्या भाषेत केवढ्या मोठ्यानं भांडत होती!

आठवड्यात सुकांतीचा भाऊ आला, बरोबर त्यांच्या गावची दोन माणसं. सुकांती रस्त्यावर उभी राहून सगळ्यांसमोर म्हणाली, मला जायचं आहे. गोकुळ ओट्यावर मान घालून बसला होता. अडवलं त्यानंही नाही. शेगावहून गाडी धरून ती माणसं तिला घेऊन गेली.

फोन कुणी दिला ते कळल्यावर रुखमाबाई फूलमायाच्या अंगणात येऊन तास-दीड तास बोलली. माणूस उभ्या आयुष्यात ऐकत नाही ते सगळं फूलमायानं ऐकलं. तानाबाईला आता दिसत कमी होतं, पण तोंड शाबूत होतं. "पोटच्या पोरीवानी केलं मी तुले. अन् तू माह्या भाच्याचं घर मोडलं?" संघपाल संध्याकाळी आला, सगळं ऐकून घेतलं, आणि एवढंच म्हणाला, "आता गावात मी कोनतं तोंड दाखवू?" आठ दिवस तो तिच्या हातचं जेवला, पण बोलला नाही.

समीक्षाही बोलत नव्हती. एका सकाळी शाळेला जाताना वेणी घालून घ्यायला बसली आणि आईकडं पाठ करूनच म्हणाली, "आई, एक इचारू?"

"इचार."

"तू तिले म्हनली, लेकरू झाल्यावर जाता येत नाही."

"हो."

"म्हंजे मी झाली म्हनून तू राह्यली?"

फूलमायानं पेड घट्ट ओढला. 'नाही गं' म्हणणं सोपं होतं. कुठलीही आई तेच म्हणाली असती. पण त्या खोलीत खरं बोलून गेल्यापासून तिला खोटं जड जात होतं.

"हो," ती म्हणाली.

"टाकून जायचं होतं मंग मले."

"तेच नाही जमलं."

समीक्षानं वेणी पूर्ण होऊ दिली, रिबीन स्वतःच बांधली, दप्तर घेतलं. दारातून म्हणाली, "आज शाळेत पालकाईले बोलावलं हाय. बाबाले पाठव. तू नको येऊ."

तानाबाई आतून चहा मागत होती. फूलमायानं तिला चहा दिला, भाकर बांधून घेतली आणि वेचणीला गेली. शेतात बायांनी आपापल्या पाती धरल्या होत्या. तिला कुणी जागा केली नाही, कुणी हाकही मारली नाही. बांधाकडेची एक पात उरली होती, झाडं खुरटी, बोंडं लहान. तिनं कापूस भरायचा ओटा कमरेला बांधला आणि तीच धरली.